माझा पगार वर्षाला साडेतीन लाख, बायकोची शिवणकामाची कमाई दीड लाख, त्यातून टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापलाय. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं आयकर रिटर्न भरायचं का?
तुमच्यावर सक्ती नाही, पण बायकोचं जरूर भरा, कारण कापलेला टीडीएस रिटर्नशिवाय परत मिळत नाही. किती कापलाय ते तिच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसेल. आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतंच. पॅन वेगळं, हिशोब वेगळा. नव्या करप्रणालीत त्या वर्षासाठी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ४ लाखांची, म्हणजे दोघंही आत. (१२ लाखांपर्यंत कर शून्य ही सूट निराळी. ४ लाखांच्या वर गेलात की कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं. लोक नेमके इथेच फसतात.) मात्र वर्षाचं वीजबिल १ लाखाच्या किंवा परदेश प्रवासाचा खर्च २ लाखांच्या वर गेला असेल, तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी सुटका नाही.