सोयराबाईचं स्वतःचं म्हणणं काय होतं?

प्रश्न: मुलीने कॉलेजात संतांच्या समतेवर प्रोजेक्ट घेतलंय. चोखोबांवर भरपूर मिळतं पण सोयराबाई म्हटलं की 'चोखोबांची पत्नी' एवढंच. तिने स्वतः काही वेगळं म्हटलंय की नवऱ्याचंच पुढे नेलं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, म्हटलंय, आणि चांगलं खणखणीत म्हटलंय. 'अवघा रंग एक झाला' किशोरीताई आमोणकरांच्या आवाजात ऐकला असेलच, तो सोयराबाईचा आहे हे कितीतरी लोकांना माहीतच नसतं (मलाही फार उशिरा कळलं). पण प्रोजेक्टला खरा कामाचा तो 'देहासी विटाळ म्हणती सकळ'. विटाळावर चोखोबाही बोलतात, वेदांना विटाळ, शास्त्रांना विटाळ, असं करत सगळ्यांनाच ओढतात, पण ही बाई थेट जन्माच्या जागेशी जाते. ती म्हणते विटाळ देहातच जन्मला, विटाळाशिवाय जगात एकही देह तयार होत नाही, मग सोवळा झाला तो कोण? आता यात बाळंतपण आलं, माझ्या मते पाळीही आली, म्हणजे जातीचं सोवळंओवळं आणि बाईचं सोवळंओवळं एकाच फटक्यात गेलं की, आणि तेही चौदाव्या शतकात!

शेवटी सही करते 'चोखियाची महारी' अशी. स्वतःचं नाव नाही, नवरा आणि जात. आधी मला हे जाम खटकायचं, आता वाटतं की हा प्रश्न कोण विचारतंय ते तिला लपवायचंच नव्हतं.

फक्त एक करा, 'वारकरी संतांनी समता आणली' असं सरळसोट वाक्य मुलीला लिहू देऊ नका. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, साल १३३८, त्यांची समाधी पंढरपुरात आहे पण देवळाबाहेर, नामदेव पायरीसमोर. आणि दलितांना विठ्ठलाचं देऊळ उघडलं ते १९४७ मध्ये, त्यासाठीही साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

बाकी वेळ असेल तर सोयराबाईची नणंद निर्मळा आणि मुलगा कर्ममेळा यांचेही अभंग बघायला सांगा. कर्ममेळा तर आमची जात हीन केलीस ते तुला कळत कसं नाही म्हणून देवालाच झापतो, कॉलेजातल्या पोरांना तो जास्त आवडेल.