फेरिटिन ३२०० आलंच आहे, मग लिव्हरचा टी२ स्टार एमआरआय कशाला?

ताई, तुम्ही लिहिलंय की शहाद्याच्या तुमच्या ८ वर्षांच्या भाच्याला थॅलेसेमिया (रक्त नीट तयार न होण्याचा आनुवंशिक आजार) आहे, दर महिन्याला रक्त चढतं, फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ३२०० आलं म्हणून डॉक्टरांनी टी२ स्टार एमआरआय, म्हणजे लिव्हरमधलं लोह मोजणारा एमआरआय, लिहून दिला, आणि घरचे म्हणताय सोनोग्राफी झालीये ना मग परत हा खर्च कशाला. मी जळगावला एमआरआय टेक्निशियन आहे, अशी पोरं नेहमी येतात आमच्याकडे, म्हणून स्पष्टच सांगतो, करून घ्या.

सोनोग्राफीत लिव्हर वाढलंय एवढं दिसतं, लोह किती साठलंय ते त्यात कळतच नाही. फेरिटिन स्वस्त आहे, ते चालूच ठेवा, पण पोराला ताप असला, इन्फेक्शन असलं, कावीळ झाली असली तरी तो आकडा वर चढतो, आणि सिकलसेलवाल्यांमध्ये (हाही रक्ताचा आनुवंशिक आजार), जे आपल्या नंदुरबार पट्ट्यात भरपूर आहेत, त्यांच्यात तर त्याच्यावर अजूनच भरवसा ठेवता येत नाही. पूर्वी खात्री करायची म्हणजे सुई घालून लिव्हरचा तुकडा काढायचे, त्यात रक्तस्रावाची भीती, आणि लोह सगळीकडे सारखं साठत नाही त्यामुळे एवढ्याशा तुकड्यावरून अंदाज चुकायचाही.

हिशोब असा बघा, मोठ्या माणसाला चढवतात त्या रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं आणि शरीर दिवसाला १-२ मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. बाकीचं आधी लिव्हरमध्ये जाऊन बसतं, मग हार्टमध्ये, ग्रंथींमध्ये.

आता मशीन काय करतं, तर लोह असलं की एमआरआयचा सिग्नल लवकर विझतो. आम्ही एकाच श्वासात त्याच जागेचे लागोपाठ फोटो घेतो, प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा एखाद-दोन मिलिसेकंद उशिराचा. चांगलं लिव्हर सावकाश काळं पडत जातं, लोहाने भरलेलं लिव्हर दुसऱ्या-तिसऱ्या फोटोतच काळंकुट्ट, आणि शेजारचे पाठीचे स्नायू मात्र अजून राखाडीच दिसत असतात, ते स्क्रीनवर बघितलं की आकडा यायच्या आधीच कळून जातं. किती वेगात काळं पडलं त्यावरून टी२ स्टार हा मिलिसेकंदांतला आकडा निघतो, तो जितका कमी तितकं लोह जास्त. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) मशीनवर २ मिलिसेकंद आला तर एक ग्रॅम सुक्या लिव्हरमागे साधारण १३ मिलिग्रॅम लोह धरा. नॉर्मल १.८ च्या आत असतं, ७ च्या वर गेलं की काळजीचं, १५ च्या वर गंभीर.

म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं 'आयर्न ओव्हरलोड' लिहून दिलं तर घेऊ नका, आकडा मागा, डॉक्टर लोह काढायच्या गोळीचा डोस त्यावर ठरवणार आहेत. आणि हार्टचा टी२ स्टार त्याच वेळी करायचा का ते डॉक्टरांना नक्की विचारा, कारण लिव्हर बरं असूनही हार्टमध्ये लोह असू शकतं. तिथे २० मिलिसेकंदांच्या वर चांगलं, १० च्या खाली गेलं तर धोक्याचं.

जायच्या आधी सेंटरला फोन करा. एमआरआय मशीन असलं म्हणजे ही तपासणी होतेच असं नाही, आकडा काढणारं सॉफ्टवेअर सगळ्यांकडे नसतं, उगाच नाशिक नाहीतर सुरतपर्यंत हेलपाटा व्हायचा. १.५ टेस्ला आहे का तेही विचारा, ३ टेस्लावर लोह खूप असलं तर पहिल्या फोटोच्या आधीच सिग्नल संपलेला असतो. पुढच्या वर्षी परत कराल तेव्हा शक्यतो त्याच मशीनवर, म्हणजे तुलना करता येते.

इंजेक्शन लागत नाही, रेडिएशन नाही. फक्त मोठा आवाज येतो आणि १०-१५ सेकंद श्वास रोखावा लागतो, ते घरी आठवडाभर खेळ म्हणून करून घ्या, ८ वर्षांच्या पोराला नीट जमतं आणि झोपेचं औषध टळतं. गळ्यातला ताईत, करदोड्याचे घुंगरू घरीच काढून ठेवा. लोह काढायची गोळी तपासणीसाठी मनाने बंद करू नका.

अजून एक, शाळेत ती गुलाबी लोहाची गोळी वाटतात, ती याला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायची नाही, आणि 'रक्त वाढेल' म्हणून आजीने आणलेलं टॉनिकही नको. वर्गशिक्षकांना आजच सांगून ठेवा.