टोपीचा क्रमांक, पावसात गेलेलं पदार्पण आणि दोन देशांचे खेळाडू

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न ट्वेन्टी-२० आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या याद्यांबद्दल आहेत. ‘देशाकडून खेळला’ असं कधी म्हणायचं, आणि त्याच्या नावापुढचे आकडे कसे वाचायचे, यावरच सगळ्यांचं घोडं अडलेलं दिसतं.

प्रश्न : युवराज सिंगचं टी-ट्वेन्टी पदार्पण स्कॉटलंडविरुद्ध झालं असं यादीत दिसतं. पण त्या सामन्यात तर एकही चेंडू पडला नव्हता. ही छपाईची चूक आहे का?

चूक नाही. १३ सप्टेंबर २००७ रोजी डर्बनमध्ये भारत-स्कॉटलंड सामन्याची नाणेफेक झाली आणि मग पावसामुळे खेळ झालाच नाही. नियम असा, की नाणेफेक झाली की सामना अधिकृत. दोन्ही अकरांतल्या प्रत्येकाच्या खात्यात एक सामना जमा होतो, मग मैदानावर पाऊल पडो न पडो. गौतम गंभीर, आर. पी. सिंग, रॉबिन उथप्पा आणि युवराज या चौघांचं पदार्पण त्या कोरड्या न राहिलेल्या दिवशी नोंदलं गेलं. नाणेफेकीआधीच सामना रद्द झाला, तर मात्र कुणाच्याच नावावर काही चढत नाही. संघ जाहीर झाला होता, खेळाडूला टोपीही देऊन झाली होती, हे इथे उपयोगाचं नाही.

याच कारणाने ‘सामने’ आणि ‘डाव’ हे दोन रकाने वेगळे असतात. सूर्यकुमार यादवचं पदार्पण १४ मार्च २०२१ ला अहमदाबादेत झालं, पण त्या दिवशी त्याची फलंदाजी आली नाही. जोफ्रा आर्चरला पहिल्याच चेंडूवर मारलेला तो षटकार १८ मार्चचा. ‘पदार्पणात पहिल्या चेंडूवर षटकार’ असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते पदार्पण नव्हे, पहिला डाव होता.

प्रश्न : टोपीचा क्रमांक कसा ठरतो? कर्णधाराचा पहिला असतो का?

नाही. टोपीचा क्रमांक म्हणजे त्या प्रकारात देशाकडून खेळलेला तो कितवा खेळाडू, हे सांगणारा आकडा. पदार्पणाच्या तारखेनुसार क्रम लागतो आणि एकाच सामन्यात अनेकांनी पदार्पण केलं असेल तर आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमानुसार. भारताचा पहिला सामना १ डिसेंबर २००६ रोजी जोहान्सबर्गमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध झाला. अकराही जण नवे, म्हणून आगरकर पहिला, धोनी दुसरा आणि सचिन तेंडुलकर अकरावा. कर्णधार वीरेंद्र सेहवाग होता, पण वर्णक्रमात तो तेंडुलकरच्या जवळच बसतो. ज्येष्ठता, कर्णधारपद, कसोटीतली कामगिरी, कशाचाही संबंध नाही.

गोंधळ होतो तो आडनावाच्या बाबतीत. हरभजन सिंग आणि युवराज सिंग यांची नावं अनुक्रमे ‘एच’ आणि ‘वाय’खाली लावतात, आर. पी. सिंगचं मात्र ‘एस’खाली. म्हणून स्कॉटलंडविरुद्धच्या त्या चौघांत युवराज सगळ्यात शेवटी, पंधराव्या क्रमांकावर आहे. सरसकट ‘सिंग’ धरून यादी लावली, तर पुढचे क्रमांक चुकतात. खेळाडूचं नाव नंतर बदललं तर क्रमांक बदलत नाही. पदार्पणाच्या वेळचं नाव धरतात. इंग्लंडच्या कॅथरीन ब्रंट आणि नॅटली सिव्हर पुढे दोघीही सिव्हर-ब्रंट या आडनावाने खेळल्या. जुन्या आणि नव्या धावफलकांवरून यादी करणाऱ्याने त्यांची चार माणसं करू नयेत.

पाठीवरचा आकडा हा वेगळाच प्रकार. विराट कोहलीची जर्सी १८ क्रमांकाची, टी-ट्वेन्टीतली टोपी ३१ क्रमांकाची. रोहित शर्माची जर्सी ४५, टोपी १७. शिवाय कसोटी, एकदिवसीय आणि टी-ट्वेन्टी या तिन्ही प्रकारांच्या टोप्यांचे क्रमांक स्वतंत्र, आणि महिला संघाची मालिका पुरुषांहून वेगळी.

प्रश्न : बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला तर तो आंतरराष्ट्रीय खेळाडू ठरतो का?

कशाच्या बदली, यावर अवलंबून आहे. नुसता क्षेत्ररक्षणासाठी आलेला असेल तर नाही. त्याने तीन झेल घेतले तरी त्याच्या वैयक्तिक खात्यात एकही जात नाही.

डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी आलेला कन्कशन सबस्टिट्यूट मात्र पूर्ण खेळाडू मानला जातो. तो फलंदाजी-गोलंदाजी करू शकतो आणि त्याचा सामना मोजला जातो. ही सोय ऑगस्ट २०१९ पासून आहे. पुण्यात ३१ जानेवारी २०२५ रोजी इंग्लंडविरुद्ध शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी आलेल्या हर्षित राणाने तिथेच पदार्पण करून ३३ धावांत ३ बळी घेतले. सामना दोघांच्याही खात्यात गेला, म्हणजे भारताकडून त्या दिवशी बारा जण खेळले. बदली खेळाडू जवळपास त्याच जातकुळीचा हवा आणि त्याला सामनाधिकाऱ्याची मंजुरी हवी, अशी अट आहे. दुबे फलंदाजी करणारा अष्टपैलू, राणा निखळ वेगवान गोलंदाज; त्यामुळे इंग्लंडची कुरकूर अगदीच अनाठायी नव्हती. आयपीएलमधला इम्पॅक्ट प्लेअर, म्हणजे सामना सुरू असताना संघ स्वतःच्या मर्जीने उतरवतो तो बदली खेळाडू, या स्तरावर नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : एकच खेळाडू दोन देशांच्या यादीत कसा? आणि त्याच्या धावा कोणाच्या?

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या नियमांत पात्रतेचे तीन मार्ग आहेत : त्या देशात जन्म, त्या देशाचं नागरिकत्व, किंवा लागोपाठ तीन वर्षं तिथे वास्तव्य. एकाला दोन देशांची दारं उघडी असणं त्यामुळे नवलाचं नाही. कुठून कुठे जायचं, याला महत्त्व आहे. सहयोगी सदस्य देशाकडून पूर्ण सदस्य, म्हणजे कसोटी खेळणाऱ्या, देशाकडे जाताना थांबावं लागत नाही. डर्क नॅनेस जून २००९ मध्ये लॉर्ड्सवर नेदरलँड्सकडून इंग्लंडला हरवणाऱ्या संघात होता आणि ऑगस्टअखेरीस ऑस्ट्रेलियाकडून त्याच इंग्लंडविरुद्ध खेळत होता. पूर्ण सदस्य देशाकडून खेळलेल्याला मात्र दुसऱ्या देशासाठी आता तीन वर्षं थांबावं लागतं. न्यूझीलंडकडून २०१८ मध्ये शेवटचा खेळलेला कोरी अँडरसन २०२४ मध्ये अमेरिकेकडून उतरला. दक्षिण आफ्रिकेचा डेव्हिड विसे २०२१ मध्ये नामिबियाकडून.

धावा आणि बळी खेळाडूच्या एकाच कारकिर्दीत एकत्र होतात. टिम डेव्हिडच्या एकूण धावांत सिंगापूरच्या धावा असतात. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या यादीतला त्याचा आकडा आणि एकूण कारकिर्दीचा आकडा जुळत नाही. दोन्ही बरोबर असतात. टोपी मात्र प्रत्येक देशाची वेगळी.

आणखी दोन विचित्र नोंदी सांगायलाच हव्यात. नेपाळच्या संदीप लामिछानेचं टी-ट्वेन्टी पदार्पण नेपाळकडून नव्हे, तर ३१ मे २०१८ रोजी लॉर्ड्सवर जागतिक एकादश या वेगवेगळ्या देशांच्या खेळाडूंच्या संघाकडून झालं, कारण त्या सामन्याला आंतरराष्ट्रीय दर्जा होता. आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेस्ट इंडीज हा एक देश नसल्याने बार्बाडोसचा संघ उतरला. तिथले सामनेही अधिकृत होते, त्यामुळे हेली मॅथ्यूजच्या नावापुढे वेस्ट इंडीज आणि बार्बाडोस असे दोन संघ लागतात. देश बदलला म्हणून नव्हे.

प्रश्न : पूर्वी मोजके देश होते, आता एस्टोनिया, मंगोलियाचे खेळाडूही विक्रमांत दिसतात. हे कधीपासून?

महिलांसाठी १ जुलै २०१८ आणि पुरुषांसाठी १ जानेवारी २०१९ पासून सर्व सदस्य देशांच्या परस्पर सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा मिळतो. आधीचे सामने मागाहून मोजले गेलेले नाहीत. म्हणून हांगचौ आशियाई स्पर्धेत २७ सप्टेंबर २०२३ रोजी नेपाळने मंगोलियाविरुद्ध केलेल्या ३ बाद ३१४ धावा आणि दीपेंद्र सिंग ऐरीचं ९ चेंडूंतलं अर्धशतक अधिकृत विक्रम ठरले. हे विक्रम खोटे नाहीत. पण तुलना करताना प्रतिस्पर्ध्याचा रकाना झाकून ठेवू नये.

प्रश्न : मी स्वतः खेळाडूंचा तक्ता करतो. इकॉनॉमी छापील आकड्याशी जुळत नाही. काय चुकतं?

इकॉनॉमी म्हणजे गोलंदाजाने दर षटकामागे दिलेल्या धावा. चूक बहुधा षटकांच्या दशांशाची. ३.४ षटकं म्हणजे ३ षटकं ४ चेंडू, एकूण २२ चेंडू. त्यांत ३१ धावा दिल्या तर ३१ गुणिले ६ भागिले २२, म्हणजे ८.४५. तुम्ही ३१ ला थेट ३.४ ने भागलं असेल, तर ९.१२ येतं. बेरजेतही हीच गफलत : ३.४ आणि ३.५ मिळून ६.९ नव्हे, ४५ चेंडू म्हणजे ७.३. तक्त्यात षटकं लिहूच नका; चेंडू लिहा आणि षटकं शेवटी काढा.

वाइड आणि नो-बॉलच्या धावा गोलंदाजाच्या खात्यात जातात, बाय आणि लेगबायच्या नाही. फलंदाजाच्या स्ट्राइक रेटसाठी, म्हणजे दर शंभर चेंडूंमागच्या धावांसाठी, नो-बॉल हा खेळलेला चेंडू धरतात, वाइड धरत नाहीत. बरोबरी सोडवण्यासाठी खेळल्या जाणाऱ्या सुपर ओव्हरचं काहीच वैयक्तिक आकड्यांत येत नाही : १७ जानेवारी २०२४ ला बंगळुरूत अफगाणिस्तानविरुद्ध दोन सुपर ओव्हर झाल्या, पण रोहितच्या नावावर त्या सामन्याच्या नाबाद १२१ धावाच आहेत.

सरासरी काढताना धावांना डावांनी नव्हे, बाद झालेल्या डावांनी भागा. पाच डाव, दोनदा नाबाद, १२० धावा : सरासरी ४०. जखमी होऊन परतलेला नाबाद धरतात, पण डावपेच म्हणून स्वतःहून निवृत्त झालेला बाद. एकदाही बाद न झालेल्याचा रकाना रिकामा सोडा, तिथे शून्य लिहू नका.

प्रश्न : राहुल द्रविडचा स्ट्राइक रेट इतका जास्त कसा?

एकच सामना खेळला म्हणून. ३१ ऑगस्ट २०११, मँचेस्टर, २१ चेंडूंत ३१ धावा, त्यात समित पटेलला लागोपाठ तीन षटकार. सचिनचाही एकच सामना, १० धावा आणि एक बळी. क्रमवारी लावताना किमान डावांची अट घाला, वीस ठीक आहे. नाहीतर यादीच्या माथ्यावर एकेक सामन्याचे पाहुणे येऊन बसतात.