जिनिंगमध्ये घसरून हात मोडला, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये ठेकेदारामार्फत रोजीनं जात होते. वय 35. जानेवारी 2025 मध्ये प्रेसजवळ तेलावर घसरले. उजव्या मनगटात प्लेट टाकली, मूठ वळत नाही, कापूस वेचता येत नाही. मालक म्हणतो, तू ठेकेदाराची बाई, शिवाय चूक तुझ्या चपलेची. 5,000 रुपये देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. हे पत्र मुलाकडून लिहून घेतलं आहे.

उत्तर : ताई, तुमचा हक्क त्या अंगठ्यानं गेलेला नाही. अपघात 21 नोव्हेंबर 2025 ला नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीचा, म्हणून 1923 चा नुकसानभरपाई कायदा धरायचा. हक्क सोडल्याचा करार त्याच्या कलम 17 नं रद्दबातल ठरतो. बाईमाणसाला द्यायची एकरकमी भरपाई आयुक्तांकडेच, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडेच, जमा करावी लागते. हातात टेकवलेले पैसे भरपाईत धरले जात नाहीत.

चपलेचं मनातून काढा. नशेत असणं, सुरक्षेचा हुकूम जाणूनबुजून मोडणं किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढणं, मालकाला सुटायला एवढ्याच वाटा आहेत. तेल गळून फरशीवर आलं होतं आणि वर उडती रुई बसल्यानं ते दिसलं नाही, असं तुम्ही लिहिता. हे अर्जात जसंच्या तसं येऊ द्या. पाय घसरेल असं काही फरशीवर राहू नये, हे कारखाना कायद्याच्या कलम 32 नं मालकाचंच काम आहे. ठेकेदाराच्या कामगाराचीही जबाबदारी 1923 च्या कायद्याच्या कलम 12 नं मूळ मालकावर येते. निव्वळ जिनिंग-प्रेसिंग हंगामी कारखान्यात मोडतं, ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, लागू नाही. म्हणून रस्ता 1923 च्या कायद्याचाच.

खरी अडचण पुराव्याची. हजेरीवर नाव नाही म्हणता, तर दवाखान्याचा पहिला केसपेपर काढा. त्यावर 'कामावर पडून' लिहिलं असेल तर तो कागद सोन्याचा. ज्या बायांनी तुम्हाला उचललं, त्यांची नावं आजच लिहून ठेवा. कमाईची क्षमता किती टक्के गेली, याचा डॉक्टरांचा दाखला घ्या. महिन्याची मजुरी 10,000 आणि क्षमता 20 टक्के गेली असं धरलं, तर 10,000 चे 60 टक्के गुणिले 197.06 (35 वयासाठी कायद्यात दिलेला आकडा), त्याचे 20 टक्के, म्हणजे 2,36,472 रुपये. उपचाराचा खर्च वेगळा, आणि पैसे थकल्याचं 12 टक्के व्याजही.

अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत हवा, तुम्ही राहता तिथल्या आयुक्तांकडेही चालतो. वकिलाच्या फीची काळजी नको: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं. जाताना आधार कार्ड, केसपेपर आणि एक्स-रे न्या. आणि तोवर मालकानं पुढं केलेल्या कुठल्याही कागदावर अंगठा देऊ नका.