खोक्यावरच्या किमतीपलीकडे

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

गेम खेळायला टीव्हीला जोडायचा कन्सोल घ्यावा की पीसी, असं म्हणून तू दोघांचे आकडे पाठवलेस आणि विचारलंस, स्वस्त कुठलं? नुसत्या खोक्यावरची किंमत बघितली तर कन्सोलच. सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला होता, पुढच्या वर्षी पाच हजारांनी वाढला. तेवढ्यात तसाच पीसी जुळवायला गेलास तर ग्राफिक्स कार्डातच निम्मे पैसे संपतील. कंपनीची खरी कमाई पुढे असते, गेम्सवर आणि वर्गणीवर.

सोनीचा नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात. विकत घेतलेला गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा तर प्लेस्टेशन प्लस ही वर्गणी भरा. फुकटच्या गेमना ते लागत नाही. पीसीवर ही वर्गणी नाही, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचे सेल असतात, आणि एपिक हे दुसरं दुकान तर २०१८ पासून फुकट गेम वाटतंय. मात्र कन्सोलची डिस्क खेळून झाली की विकता येते, कॉलेजात अदलाबदल करता येते. म्हणून बिनडिस्कचं मॉडेल स्वस्त दिसलं तरी मी घेऊ देणार नाही.

आणि वीज! ती तुम्ही पोरं मोजतच नाही. पीसी-मॉनिटर मिळून ४०० वॉट धर, रोज चार तास, म्हणजे महिन्याला ४८ युनिट. प्लेस्टेशन त्याच्या निम्मा, टीव्ही वेगळा. तुमचं हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल कर्नाटकाच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत शून्य येतं ना? ती सवलत तुमच्या जुन्या सरासरीवर दहा टक्के धरून आहे. सरासरी ८० असेल तर ८८ युनिट फुकट, वरचे भरायचे. २०० ओलांडले तर सगळंच बिल. बाबांना हे आधी सांग, बिल आल्यावर नको. खानापुरात पावसाळ्यात लाइट कशी येते-जाते ते तुला ठाऊकच आहे, तेव्हा यूपीएसचे पैसेही धर.

पण तुझ्या घरात कामाचा संगणक कुठाय? मेकॅनिकल डिप्लोमा करतोस. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरी मागायला गेलास तर कॅड, म्हणजे संगणकावर आराखडे काढणं, येतं का, हे विचारतीलच. आज कन्सोल घेतलास तर वर्षात लॅपटॉपसाठी पुन्हा बाबांपुढे उभा राहशील. घरात लॅपटॉप असता तर कन्सोलच घे म्हणालो असतो.

तेव्हा पीसी, पण टप्प्याटप्प्याने. रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर बघ, ग्राफिक्स त्यातच असतं. रॅम १६ जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. एकच घेतलीस तर गेम अडखळतील. व्हॅलोरंट आणि जुने गेम त्यावर निवांत चालतात. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नको, कारण नोकरी लागल्यावर कार्ड बसवायचंय. तेव्हा वापरलेलं कार्ड घेतलंस तर ते मायनिंगला, म्हणजे क्रिप्टो नाणी मिळवायला दिवसरात्र, राबलेलं असू शकतं, तासभर लोडवर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. कोल्हापुरात हजार-दोन हजार कमी पडतील, पण वॉरंटीला दर वेळी निपाणी ओलांडून कोण जाणार? बेळगावातच घे, पक्कं बिल माग.

कोटेशन हातात आलं की पाठव, बघून देतो.

तुझा काका