वाचकांचे प्रश्न: जड पाण्याचा कारखाना नऊ जणांनी कसा उडवला?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेतला जड पाण्याचा कारखाना उडवायला कमांडो पाठवले होते असं वाचलं. एवढी माणसं जिवावर उदार होऊन जायची काय गरज होती, विमानातून बॉम्ब टाकले असते की? (एक वाचक, सांगली)

उत्तर: जड पाणी म्हणजे जड हायड्रोजन असलेलं पाणी, अणुभट्टीच्या प्रयोगांना लागणारं, आणि नॉर्वे तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. टाकले ना बॉम्ब, पण नंतर, आणि काय झालं ते बघा. १६ नोव्हेंबर १९४३ ला अमेरिकेची शंभराहून जास्त विमानं व्हेमोर्कवर (तिथेच हा कारखाना होता) आली, शेकडो बॉम्ब टाकले, वीसेक नॉर्वेजियन नागरिक गेले आणि जड पाण्याची यंत्रं तळघरात शाबूत राहिली. वर काँक्रीटचे मजलेच्या मजले असल्यावर बॉम्ब खाली पोचणार कुठून!

हेच काम त्याआधी नऊ माणसांनी एकही गोळी न झाडता केलं होतं. पण ती रात्र उजाडायला चार महिने लागले आणि मला विचाराल तर खरी गोष्ट त्या चार महिन्यांचीच आहे. १८ ऑक्टोबर १९४२ ला चार नॉर्वेजियन सैनिक पॅराशूटने नॉर्वेतल्या हार्डांगरच्या पठारावर उतरले. त्यांनी वाट दाखवायची आणि मागून ब्रिटिश सैनिक ग्लायडरने (बिनइंजिनाच्या विमानाने) येणार असं ठरलेलं, पण नोव्हेंबरमध्ये दोन्ही ग्लायडर कोसळले. मग हे चौघं तिथेच अडकले, भर हिवाळ्यात, शिधा संपत आलेला, तेव्हा बर्फ उकरून दगडावरचं शेवाळ (आपल्या दगडफुलाच्या जातीतलंच) काढायचं, उकडायचं आणि खायचं. नाताळच्या तोंडावर एक रेनडिअर मिळालं तेव्हा कुठे पोटात नीट काही पडलं, आणि त्याच्या पोटातला अर्धवट पचलेला चारासुद्धा त्यांनी सोडला नाही कारण भाजीपाला म्हणून तेवढंच होतं.

फेब्रुवारीत आणखी सहा जण उतरले, म्होरक्या योआकिम रोनेबर्ग, वय फक्त २३. कारखान्याकडे जायला दरीवर एक झुलता पूल होता पण तिथे जर्मन पहारा, म्हणून २७ फेब्रुवारीच्या रात्री नऊ जण (दहावा वायरलेसवर थांबला) दरीत उतरले, गोठलेली नदी ओलांडली आणि समोरचा कडा चढून मालगाडीच्या रुळांवर आले, तिथे पहारेकरीच नव्हता. तो कडा कोणी चढेल असं जर्मनांना वाटलंच नसणार.

रोनेबर्ग आणि अजून एक जण केबल टाकायच्या बोगद्यातून सरपटत आत गेले. तळघरात रात्रपाळीचा नॉर्वेजियन कामगार होता. स्फोटकं लावून झाली, वात पेटवायची तेवढ्यात तो म्हणाला माझा चष्मा सापडत नाहीये, युद्धात दुसरा मिळणार नाही. आणि या लोकांनी हातातलं काम थांबवून चष्मा शोधून दिला! दारापलीकडे जर्मन सैनिक असताना. मला या अख्ख्या मोहिमेत हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. वात दोन मिनिटांची होती ती कापून अर्ध्या मिनिटाची केली म्हणजे स्फोट नक्की झालेला कळेल, आणि पळाले. पाचशे किलोच्या आसपास जड पाणी गटारात गेलं. आवाज इतका दबका आला की एक जर्मन सैनिक बॅटरी घेऊन बाहेर आला, इकडेतिकडे बघितलं आणि परत आत गेला.

प्रश्न: ते युनिफॉर्ममध्ये होते ना, मग पकडले असते तरी युद्धकैदी म्हणून जगले असते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही. हिटलरने १८ ऑक्टोबर १९४२ लाच, म्हणजे पहिले चौघं उतरले त्याच दिवशी, हुकूम काढला की कमांडो सापडला की मारायचा, युनिफॉर्म असो नसो. ग्लायडर कोसळल्यावर जे ब्रिटिश जिवंत हाती लागले त्या सगळ्यांना असंच मारलं. मग नऊ जणांनी ब्रिटिश युनिफॉर्म का घातला? गावकऱ्यांसाठी, त्यांच्यावर जर्मनांनी सूड उगवू नये म्हणून. हे ब्रिटिश सैन्याचं काम आहे हे जर्मनांना कळावं म्हणून ब्रिटिश सैनिक वापरायचे ती एक टॉमी गनही (हातातली मशीनगन) मुद्दाम तिथे टाकून आले. नंतर पाच जण स्कीवरून सुमारे चारशे किलोमीटर जाऊन स्वीडनला पोचले, बाकीचे नॉर्वेतच लपून राहिले, नऊच्या नऊ वाचले.

प्रश्न: या छाप्यामुळे हिटलरचा अणुबॉम्ब थांबला असं म्हणतात ते खरं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: पूर्ण खरं नाही. युद्ध संपेपर्यंत बॉम्ब होणार नाही हे जर्मनांनी १९४२ मध्येच ओळखलं होतं, जड पाणी त्यांना अणुभट्टीच्या प्रयोगांना हवं होतं. पण हे लंडनला तेव्हा कुठे माहीत होतं! आणि काही महिन्यांत कारखाना परत सुरू पण झाला. वरच्या बॉम्बहल्ल्यानंतर मात्र जर्मनांनी उरलेलं जड पाणी जर्मनीला हलवायचं ठरवलं, तेव्हा २० फेब्रुवारी १९४४ ला ते नेणारी फेरीबोट टिन सरोवरात बुडवली. मुद्दाम रविवार निवडला होता, प्रवासी कमी असतात म्हणून. तरी १८ जण बुडाले, त्यातले १४ नॉर्वेजियन, म्हणजे बोट बुडवणाऱ्यांच्याच देशातली माणसं. या मोहिमेचं कौतुक करताना ही १४ माणसं गाळू नयेत असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: ती जागा आता बघता येते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: हो, व्हेमोर्कला म्युझियम आहे. ओस्लोहून गाडीने तीनेक तास. उन्हाळ्यात जा, कारण साधारण सप्टेंबरअखेर ते मार्च त्या दरीत ऊन पोचतच नाही.