वाचक विचारतात : लाईट गेली ती गेलीच, आता डॉक्टर कुठला?

प्रश्न : सर, मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेसमध्ये रोज एकच वाद, उद्या प्रलय आला, वीज नाही, औषधांचे ट्रक नाहीत, तर कुठल्या ब्रांचचा डॉक्टर टिकेल? सगळे सर्जरी म्हणतात. मला रेडिओलॉजी (एक्सरे, सोनोग्राफी, एमआरआयची ब्रांच) हवीये म्हणून माझी जाम टर उडवतात.
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : टर उडवतात ते बरोबरच आहे रे, वाईट वाटून घेऊ नकोस. एमआरआयचं चुंबक द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशाला बसलेलं असतं, कूलिंग बंद पडलं की हेलियम उडून जाणार आणि मग त्या खोलीत कांदे साठवा. छोटी सोनोग्राफी सोलरवर चालेल काही दिवस. मारी क्युरीने पहिल्या महायुद्धात गाडीवर डायनॅमो लावून एक्सरे पार आघाडीपर्यंत नेला होता, पण तिला निदान पेट्रोल तरी मिळत होतं.

पण सर्जरी पहिली हे मला बिलकुल पटत नाही. प्रलय म्हटलं की आपल्याला रक्त आणि टाकेच दिसतात. खरं काय होईल सांगू का, गंगापूर धरणात पाणी असेल पण पंपिंग बंद, फिल्टर प्लांट बंद, मग लोक हंडे कळश्या घेऊन थेट गोदावरीवर, रामकुंडाच्या खाली जे काय वाहतंय ते भरणार आणि आठवड्याभरात घरोघरी जुलाब. त्या दिवशी राजा कोण? पीएसएमवाला, म्हणजे साथी आणि सार्वजनिक आरोग्य बघणारा डॉक्टर. हो, तोच, ज्याच्या लेक्चरला तुम्ही मागच्या बाकावर झोपा काढता. १००० लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, नीट ढवळून तासभर थांबायचं, हे त्याला झोपेतही येतं, आणि उघडं राहिलेलं पावडरचं पोतं आतून मेलेलं असतं, क्लोरीन उडून गेलेला असतो, हेही त्यालाच माहीत. संडासाचा खड्डा विहिरीपासून किती लांब खणायचा, यावरून सोसायटीत मारामाऱ्या होतील तेव्हा मधे पडणाराही तोच.

१९७१ चं उदाहरण बघ. बांगलादेश युद्धाचे निर्वासित, बंगालमध्ये बनगावला कॉलरा, सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ साखरेचं पाणी पिंपात कालवलं आणि पेशंटच्या नातेवाईकांनाच पाजायला बसवलं. मृत्यू जवळपास ३० टक्क्यांवरून ४ च्या आत आले. ना ओटी, ना आयसीयू. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे लिहून फ्रीजवर लाव. फ्रीज बंद असला तरी चालेल.

दुसरा नंबर बाळंतपण करणाऱ्या मॅडमचा, कारण प्रलय आला म्हणून पोरं जन्माला यायची थांबत नाहीत. आणि तिथे मोठं काम हात धुण्याचं आहे, व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइसने १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचं मरण झपाट्याने खाली आलं.

तिसरा भूल देणारा. सर्जन रागावतील पण भूल नसेल तर सर्जन काय करणार? केटामाइन हे भुलीचं इंजेक्शन आहे तोवर बरं, ऑक्सिजनचा सिलेंडर नसला तरी निभावतं, नंतर ईथर, म्हणजे हुंगवायची जुनी भूल, तेही उघड्या कंदिलाजवळ नको, पेटतं. सर्जन चौथा. भुलीशिवायही लोकांनी कामं केलीत म्हणा, १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आलं होतं की कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं टिपूच्या कैदेत कापलेलं नाक पुण्याकडे कपाळाची कातडी फिरवून पुन्हा बसवलं. पण रोज कुणावर तेवढं सोसायची वेळ येऊ नये.

पॅथॉलॉजीवाल्यांना कुणी विचारत नाही, पण आरशाचा जुना मायक्रोस्कोप उन्हावर चालतो, मलेरियाची स्लाइड दिसते. कपाटात पडला असेल तर भंगारात देऊ नका. न्यूरोसर्जन, कॅथलॅबवाले (हृदयाची अँजिओप्लास्टी करणारे) यांनी तोवर पाणी उकळायला मदत करावी.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, टाइप वन डायबेटिस. असल्या गप्पा ऐकल्या की मला झोप लागत नाही. इन्सुलिन संपलं तर काय?
— एक आई, नाशिक रोड

उत्तर : ताई, खोटा धीर देत नाही. इन्सुलिन बंद म्हणजे टाइप वनमध्ये दिवसांचा प्रश्न असतो, आणि एकटा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन आणि डायबेटिसचा डॉक्टर) तिथे काही करू शकत नाही. पण हेही घडलंय, दुसऱ्या महायुद्धात शांघायमध्ये अडकलेल्या इव्हा सॅक्सल या डायबेटिस असलेल्या बाईने आणि तिच्या नवऱ्याने पुस्तकातली कृती वाचून म्हशींच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढलं, सशांवर तपासलं, मग स्वतः घेतलं. तिच्यासोबत इतर पेशंटही जगले. म्हणजे लागणार केमिस्ट, कत्तलखाना आणि भरपूर धीर.

आज तुमच्या हातातलं एवढंच, डॉक्टरांना विचारून थोडा जास्तीचा स्टॉक, जुनी शीशी आधी वापरायची, आणि लाईट गेली तर इन्सुलिन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओल्या माठात. बर्फाला चिकटवू नका, गोठलं की फेकावंच लागतं.

प्रश्न : आमच्याकडे द्राक्ष आहे, वायनरीही जवळ आहे. जखम धुवायला वाइन चालेल ना?
— एक बागायतदार, निफाड

उत्तर : नाही भाऊ. वाइनमध्ये अल्कोहोल १२-१३ टक्के, जंतू मारायला ६० च्या वर लागतं. पहिल्या धारेची काढली तरी ती परत एकदा डिस्टिल करावी लागेल. पण तुमचा माल वाया जाणार नाही, वर ज्या ईथरचं म्हटलं ते अल्कोहोल आणि गंधकाम्लापासूनच बनतं, भूलवाला तुमच्या दारात रांग लावेल. जखम मात्र उकळून गार केलेल्या पाण्याने आणि साबणानेच धुवा.

प्रश्न : होणारा जावई डेंटिस्ट आहे. नातेवाईक म्हणतात खरा डॉक्टर नाही, कठीण काळात काय कामाचा?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : काका, नातेवाईकांना दाढ दुखू द्या एकदा. दाताचा पू गळ्यात उतरला तर माणूस मरतो, आणि दात उपटायला वीज लागत नाही, पायाने चालवायचं ड्रिलसुद्धा १८७१ पासून होतं. मुलाला फक्त एवढं विचारा की पकडीने दाढा काढायची सवय आहे ना. नुसतं व्हाइटनिंग आणि अलायनर (दात सरळ करायचे साचे) करत असेल, तर मात्र नातेवाईकांचं थोडं ऐका.